रामशेज किल्ला, गाईडसोबतची हाफ डे ट्रीप – आमचा अनुभव (नाशिक)

रविवारी सकाळी आम्ही रामशेजला जाऊन आलो, नाशिकमधल्याच एका छोट्या ट्रेकिंग ग्रुपसोबत. माणशी ४५० रुपये, त्यात नाश्ता, जायला-यायला ट्रॅव्हलर आणि सोबत इतिहास सांगणारा गाईड. ग्रुपचं नाव टाकत नाहीये कारण खाली थोड्या तक्रारी पण लिहिल्यात आणि पोरं मेहनती आहेत, एका रविवारच्या गडबडीवरून त्यांचं नाव खराब व्हावं असं मला वाटत नाही. पण अशी ट्रीप कुठल्याही ग्रुपसोबत करणार असाल तर काय बघायचं, काय विचारायचं ते कळावं म्हणून लिहितेय.

आम्ही तिघं होतो. मी, माझा सातवीतला मुलगा आणि माझ्या सासूबाई, वय ६८. आई (सासूबाईंना मी आईच म्हणते) लग्न झाल्यापासून नाशकात आहेत आणि रामशेजच्या राममंदिरात कितीतरी वेळा जाऊन आल्यात, रामनवमीला, श्रावणात, पण दर वेळी दर्शन घ्यायचं, मंदिराजवळच्या टाक्यातलं पाणी तोंडावर मारायचं आणि खाली यायचं, वर गडावर कधी गेल्याच नव्हत्या. आमच्यासारख्या पंचवटीतल्या लोकांचं असंच असतं, रामाने इथे शेज केली, विश्रांती घेतली म्हणून रामशेज एवढं माहीत असतं, आणि त्याच डोंगरावर साडेतीनशे वर्षांपूर्वी सहाशे माणसं पाच वर्षांहून जास्त काळ औरंगजेबाच्या फौजेपुढे उभी राहिली हे कुणीतरी ओझरतं सांगितलेलं असतं. मला पण तेवढंच माहीत होतं.

आधी तक्रारी लिहून मोकळी होते. रिपोर्टिंग साडेसहाचं होतं, गाडी निघाली सव्वासातला, कारण दोन फॅमिली उशिरा आल्या आणि त्यांच्यासाठी बाकी सगळ्यांना थांबवलं. उन्हाच्या दिवसात तो पाऊण तास फार महागात पडतो, उतरताना अकराचं ऊन डोक्यावर होतं. दुसरं म्हणजे ३८ माणसं आणि गाईड एकच. मागे राहिलेल्यांना निम्मं ऐकूच येत नव्हतं. आई हळू चढतात म्हणून आम्ही मागेच, शेवटी मीच पुढे जाऊन गाईडला म्हटलं की दादा, मागची माणसं येईपर्यंत सुरू करू नका, आणि त्याने ते लगेच ऐकलं, त्यानंतर प्रत्येक ठिकाणी शेवटचा माणूस पोचेपर्यंत थांबला. तिसरं, पायथ्याला बायकांसाठी टॉयलेटची काहीही सोय सांगितलेली नव्हती. हे बुकिंगच्या वेळीच सांगायला हवं, निघायच्या आधी घरून काय ती तयारी करून येता येते. पोहे थंड होते पण चव चांगली होती, त्याचं काही नाही.

आता जे आवडलं ते.

आशेवाडी पेठ रोडवर, शहरापासून पंधरा किलोमीटरच्या आतच, पेठकडे जाणारी एसटी पण फाट्याला सोडते. गावातून गड समोरच दिसतो आणि बघितल्यावर सगळ्यांना एकच वाटतं, एवढासाच? आमच्या गाडीतला एक मुलगा तर मोठ्याने म्हणाला पण की हा तर अर्ध्या तासात होईल. होतोच अर्ध्या-पाऊण तासात. पायऱ्या आहेत, वाट मळलेली आहे. साल्हेर किंवा हरिहर बघितलेल्या माणसाला हा डोंगर नजरेतच भरत नाही. गाईडने नेमकं तिथूनच सुरू केलं, मंदिराच्या पायऱ्या चढायच्या आधी खालच्या मोकळ्या जागेत सगळ्यांना उभं केलं आणि म्हणाला, आत्ता तुम्हाला जे वाटलं ना, तेच औरंगजेबाला वाटलं होतं. आजूबाजूला घनदाट जंगल नाही, डोंगररांगेत लपलेला नाही, चहूबाजूंनी वेढता येतो, नाशिकहून हाकेच्या अंतरावर. औरंगजेब १६८१ च्या शेवटी दक्षिणेत उतरला, १६८२ च्या मार्चमध्ये औरंगाबादला आला आणि एप्रिलमध्ये शहाबुद्दीनखान रामशेजच्या पायथ्याशी होता. म्हणजे स्वराज्य बुडवायला निघालेल्या बादशहाने जे किल्ले अगदी सुरुवातीला घ्यायला काढले त्यातला हा एक, पटकन हातात येईल म्हणून. हा शहाबुद्दीनखान म्हणजे पुढे हैदराबादची निजामी स्थापन केली त्या निजामाचा बाप, हे मला तिथे पहिल्यांदा कळलं.

आकड्यांच्या बाबतीत गाईड जपून बोलला हे मला फार पटलं. गडावर शिबंदी साधारण सहाशेची, खाली मुघल दहा हजार असं सर्रास सांगितलं जातं, कुणी त्याहून मोठा आकडा सांगतं, तो म्हणाला दहा हजार धरा, तरी एका माणसामागे सोळा-सतरा होतात, तेवढं पुरे आहे, वाढवून सांगायची गरज नाही. किल्लेदाराच्या नावावर पण एकमत नाही म्हणून त्याने एकच नाव ठोकून दिलं नाही. मी दोनचार ठिकाणी असे गाईड ऐकलेत की जे प्रत्येक वाक्याला आवाज चढवतात आणि छाती फुगवतात, हा तसा नव्हता. शांतपणे सांगत होता आणि ऐकताना अंगावर काटा येत होता.

राममंदिर गुहेत आहे, तिथे पंधरा मिनिटं थांबलो. इथे गाईडने आईंना विचारलं, आजी, तुम्ही इथेच बसणार का? आई म्हणाल्या, नाही रे बाबा, एवढ्या वेळा आले, आज वर काय आहे ते बघूनच जाईन. आणि गेल्या पण, मध्ये तीनदा बसत बसत, पण गेल्या. जिथे कातळातल्या पायऱ्या आहेत तिथे ग्रुपमधल्या एका मुलीने त्यांचा हात शेवटपर्यंत सोडला नाही, त्या मुलीचे मनापासून आभार.

मंदिरापुढच्या एका रुंद जागेवर गाईडने पिशवीतून दोन वस्तू काढल्या आणि सगळ्या ट्रीपचे पैसे मला तिथेच वसूल झाले.

पहिली वस्तू म्हणजे लाकडाचा एक ओंडका, हातभर लांबीचा, आतून पोखरलेला आणि वरून कातडं शिवून मढवलेला. त्याने स्वतः करून घेतलेलं मॉडेल. गडावर लोखंडी तोफ नव्हती, दारूगोळा होता, झाडांची खोडं होती आणि कातडं होतं. मग त्यांनी खोडं पोखरून तोफा केल्या आणि कातडं वापरून पक्क्या केल्या, आणि हे आपण आपल्या कौतुकाने नाही सांगत, मुघलांच्या बाजूचा इतिहासकार खाफीखान लिहून गेलाय, वर हेही लिहून गेलाय की ती एकेक लाकडी तोफ दहा तोफांचं काम करायची. मुलाने विचारलं की लाकूड फुटणार नाही का, त्यावर गाईडने ते मॉडेल त्याच्या हातात दिलं आणि म्हणाला, दाबून बघ. मी पण दाबून बघितलं, कातडं लाकडाला असं बसलेलं की नख शिरत नाही. कातडं ओलं असताना चढवायचं, सुकलं की ते आवळतं, आणि आतल्या लाकडाला चिरा जाऊ देत नाही. हलगी किंवा संबळ मढवणाऱ्या माणसाला हे कुणी सांगायला लागत नाही. म्हणजे त्या सहाशेत चामड्याचं काम जाणणारी माणसं असणार, सुतार असणार, हा विचार माझ्या डोक्यात आधी कधी आलाच नव्हता. आपण तलवारवाले तेवढे डोळ्यांसमोर आणतो.

दुसरी वस्तू गोफण. ती बाहेर काढली आणि आईंचा चेहराच बदलला. त्यांचं माहेर निफाडकडचं, लहानपणी बाजरीच्या शेतात माळ्यावर बसून पाखरं हाकलायचं काम त्यांच्याकडे असायचं. गाईड दोरी धरून दाखवत होता तर आई म्हणाल्या, असं नाही, आण इकडे. एका टोकाचा फास बोटात अडकवला, दुसरं टोक मुठीत धरलं, मधल्या जाळीत सुपारीएवढा खडा ठेवला, आणि सांगितलं की फिरवताना हाताकडे बघायचं नाही, जिथे मारायचंय तिथे बघायचं आणि मुठीतलं टोक सोडून द्यायचं. मारला नाही अर्थात, खाली माणसं होती, नुसतं फिरवून दाखवलं, पण ती दोरी हवेत जो आवाज करते ना, तो सगळ्यांनी ऐकला. अडतीस माणसं एकदम गप्प. गाईड म्हणाला, आजी, पुढच्या वेळी तुम्हीच या शिकवायला. वरून दगड, खाली माणसं, आणि फेकणारा रोज शेतात नेम धरून वाढलेला, मग कडा चढून येणाऱ्याचं काय होत असेल ते वेगळं सांगावं लागलं नाही.

मग वेढ्याची गोष्ट. शहाबुद्दीनखानाने मोर्चे लावले, सुरुंगांचे प्रयत्न केले, आणि वरच्या लोकांवर मारा करता यावा म्हणून लाकडाचा प्रचंड मोठा दमदमा उभारला, म्हणजे लाकडी बुरूजच समजा. संभाजी महाराजांनी रूपाजी भोसले आणि मानाजी मोरे यांना मदतीला पाठवलं, त्यांनी बाहेरून मुघलांना झोडपलं. गाईडने इथे एक गोष्ट नीट समजावली की वेढ्यातला किल्ला एकटा कधीच लढत नाही, आतले धीर धरतात ते बाहेरचे येतील या भरवशावर, आणि महाराज तो भरवसा पुन्हा पुन्हा पुरा करत राहिले. शहाबुद्दीनखान हरला, मग आला बहादूरखान कोकलताश, म्हणजे तोच, शिवाजी महाराजांनी पेडगावला ज्याला शहाणा करून सोडला तो. त्याने डाव टाकला की एका बाजूला सगळी फौज, तोफा, आरडाओरडा, आणि दुसऱ्या बाजूने अंधारात निवडक दोनशे माणसं दोर लावून वर चढवायची. वरच्यांना ते कळलं. त्यांनी पण एका बाजूला ढोलताशे आणि गोंगाट चालू ठेवला आणि दुसऱ्या कड्यावर गुपचूप दबा धरून बसले, चढणारे वर येऊ दिले आणि मग कापले, उरलेले दोर सुटून खाली कोसळले.

ही गोष्ट ऐकताना आम्ही खरोखरच त्या कड्याच्या काठाजवळ उभे होतो, तिथून खाली बघितलं की पोटात गोळा येतो. डोंगर छोटा आहे म्हणणारा तो मुलगा तिथे बराच वेळ खाली बघत बसला होता. रामशेजची ताकद उंचीत नाहीच, सगळ्या बाजूंनी तासल्यासारखा जो कातळ आहे त्यात आहे, आणि ते पायथ्यावरून अजिबात कळत नाही.

त्याच बहादूरखानाची सोन्याच्या सापाची गोष्ट पण सांगितली, ती पोरांना फार आवडली. लढून जमेना तेव्हा कुणीतरी मांत्रिक पुढे आला, म्हणाला गडावर भुतं आहेत, मला शंभर तोळ्यांचा सोन्याचा साप करून द्या, मी पुढे चालतो, दार आपोआप उघडेल. दिला करून. तो साप हातात धरून पुढे निघाला, मागे फौज, अर्ध्या वाटेवर वरून गोफणीचा दगड आला तो थेट छातीवर, साप एकीकडे आणि मांत्रिक दुसरीकडे. आई म्हणाल्या, बघ, मी म्हटलं ना, हाताकडे बघायचं नाही. बहादूरखान वेढा सोडून जाताना तो लाकडी दमदमा जाळून गेला. त्यानंतर कासिमखान किरमाणी आला, त्याचंही काही चाललं नाही.

गडमाथा लांबट आणि बऱ्यापैकी सपाट आहे, पडझड खूप झालीये. दरवाजाचे अवशेष, कातळातून खाली उतरणारा चोरदरवाजा, चुन्याचा घाणा, देवीचं मंदिर, आणि टाकी. टाक्यांपाशी गाईड सगळ्यात जास्त वेळ थांबला आणि बरोबर केलं. मुलांना म्हणाला, सहाशे माणसं, माणशी रोज फक्त पाच लिटर, पाऊस संपल्यापासून पुढचा पाऊस येईपर्यंत आठ महिने, करा हिशोब. माझ्या मुलाने मोबाइलवर केला, सात लाख वीस हजार लिटर. आमच्या सोसायटीत उन्हाळ्यात दहा हजारांचा टँकर येतो, म्हणजे असे बहात्तर टँकर, एका डोंगराच्या माथ्यावर, आणि त्यात आंघोळ, कपडे, जनावरं काहीच धरलेलं नाही. आणि असे एक नाही, पाच उन्हाळे काढायचे. एका टाक्यात अजून स्वच्छ पाणी होतं, दुसऱ्यात चिप्सची पाकिटं आणि पाण्याच्या बाटल्या तरंगत होत्या. ग्रुपच्या पोरांनी काठी आणि जाळी आणलेली होती, वीस मिनिटं तो कचरा काढला आणि दोन गोण्या भरून खाली आणल्या. हे ४५० रुपयांच्या यादीत कुठेही लिहिलेलं नव्हतं. इतकं बरं वाटलं ते बघून.

शेवटचा भाग बरेच जण सांगत नाहीत, हा गाईड सांगतो. रामशेज लढून पडला नाही. ज्या किल्लेदाराने गड इतकी वर्षं राखला त्याचा महाराजांनी सन्मान केला आणि त्याला दुसरीकडे नेमलं असं सांगतात, त्याच्या जागी नवा आला, आणि त्या नव्या किल्लेदाराने पन्नास हजार रुपये घेऊन गड मुघलांना दिला. तोपर्यंत विजापूर संपलं होतं, १६८६ च्या सप्टेंबरमध्ये, सगळी आदिलशाही गेली, राजधानीचा वेढा दीड वर्षाच्या आत आटोपला होता, आणि हा आशेवाडीचा डोंगर अजून उभा होता. १६८७ मध्ये गोवळकोंडा पण गेला, तिथेही आतल्याच माणसाने दरवाजा उघडून दिला. गाईड म्हणाला, तोफेने दार उघडलं नाही की बादशहा थैली काढायचा. माझ्या मुलाने विचारलं, पण मग बाकीच्या सहाशे लोकांना कळलं तेव्हा काय वाटलं असेल? गाईड दोन मिनिटं काही बोललाच नाही, मग म्हणाला, मी पण दर वेळी इथे आल्यावर हाच विचार करतो रे.

मला त्याचं हे उत्तर फार आवडलं, आणि हा भाग तो गाळत नाही हेही. गाळला असता तर मुलं फक्त टाळ्या वाजवून खाली उतरली असती. माझा मुलगा गाडीत बसेपर्यंत एकच विचारत होता, की पन्नास हजारांचं त्याने पुढे केलं काय.

वरून एका बाजूला देहेरगड-भोरगड दिसतात, खाली दिंडोरीकडच्या द्राक्षबागा, लांबवर नाशिक पसरलेलं. आई माथ्यावर एका दगडावर बसल्या आणि बराच वेळ शहराकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, घरून हा डोंगर रोज दिसतो गं, गच्चीत पापड घालताना दिसतो, आणि मला वाटायचं वर नुसतं गवत असेल.

आता जाणाऱ्यांसाठी थोडं कामाचं. वय झालेल्या माणसांना मंदिरापर्यंत आरामात नेता येतं, पुढे सोबत धडधाकट माणूस हवाच. चोरदरवाजाच्या पायऱ्यांवर मोबाइल हातात धरून उतरू नका, आमच्यासमोर एकजण घसरता घसरता वाचला. पावसाळ्यानंतरचे दोन महिने सगळ्यात चांगले, हिरवळ असते आणि टाकी भरलेली असतात. माणशी दोन लिटर पाणी घरूनच न्या. बुकिंग करताना दोन गोष्टी विचारून घ्या, बॅच किती जणांची आणि गाडी ठरल्या वेळेला सुटणार की नाही. आणि गाईड नसेल तर पैसे देऊन जाण्यात अर्थ नाही, मग सरळ एसटीने जा, रस्ता चुकण्यासारखं काही नाहीये.

पाचपैकी चार देईन, एक कापला तो ३८ जणांच्या गर्दीसाठी आणि उशिरासाठी. ग्रुपवाल्यांना मी हे सगळं फोन करून पण सांगितलं, त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि पुढच्या वेळेपासून वीसच्या वर घेणार नाही म्हणाले. तसं झालं तर दिवाळीनंतर माझ्या दोन नणंदा आणि त्यांची पोरं यांना घेऊन परत जाणारे, आणि आईंनी आत्ताच निफाडला भावाकडे फोन करून घरातली जुनी गोफण शोधून ठेवायला सांगितलीये.